उताराला न्यूट्रल

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी चारचाकी शिकले. हौस म्हणून नाही. या वयात हौस करायचीच तर बायका हार्मोनियम शिकतात. मी गाडी शिकले, कारण आईच्या डाव्या डोळ्यात दर महिन्याला एक इंजेक्शन द्यावं लागायचं. ते इंजेक्शन कोल्हापुरात मिळायचं आणि आई राहायची चंदगड तालुक्यात. एसटी जिथं वळण घेऊन परत फिरते, त्या गावात.

उजवा डोळा आधीच गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते राखायचं असेल तर महिन्याचा खाडा करू नका. मी आईला कोल्हापुरात आमच्याकडे राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, "म्हशीला कोण सांगंल त्ये?" तिथंच तो विषय संपला.

पहिले तीन महिने ती एसटीनं एकटी आली. चौथ्या महिन्यात गडहिंग्लजला गाडी बदलताना तिला पाटी वाचता आली नाही. शेजारच्या माणसाला विचारलं, ही कोल्हापूरला जाते का. तो म्हणाला, "व्हय व्हय, बसा की मावशी." तो स्वतः बेळगावला निघाला होता, त्यामुळं सगळं जग बेळगावला निघालंय असा त्याचा समज असावा. बेळगावच्या कंडक्टरनं तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं. ती संध्याकाळी आमच्या दारात आली, तोवर दवाखाना बंद झाला होता.

मग दोनदा भाड्याची गाडी केली. दुसऱ्या खेपेला तिनं ड्रायव्हरकडून भाडं किती ते काढून घेतलं. तिसऱ्या खेपेला गाडी दारात गेली तेव्हा घराला कुलूप होतं आणि आई काजूच्या बागेत जाऊन बसली होती. फोनवर म्हणाली, "बास झालं आता. एका डोळ्यानं काय मोठं बघायचं ऱ्हायलंय?" तक्रार म्हणून नाही, गॅस बंद कर म्हणावं तशी. मला तिचा इतका राग आला की मी फोन ठेवून स्वयंपाकघरात रडत उभी राहिले.

आमच्या दारात जुनी का होईना, गाडी होती. नवरा शिरोलीला फाउंड्रीत, त्याला सुट्टी रविवारी. डॉक्टर रविवारी इंजेक्शन देत नसत. शिल्लक राहिले मी.

ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स एकवीस दिवसांचा होता. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी सुरेख चालायची. सिग्नलला थांबायची, सुटायची, एकदाही बंद पडली नाही. आपल्याला उपजतच कला आहे असं मला वाटू लागलं. बाविसाव्या दिवशी लायसन घेऊन मी आमच्या गाडीत बसले आणि ती जागच्या जागी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. एकवीस दिवस गाडी त्या माणसानं चालवली होती, मी नुसती स्टेअरिंगला धरून बसले होते. तरी त्यानं एक गोष्ट मात्र घोकून घेतली होती: ज्या गिअरला घाट चढायचा, त्याच गिअरला उतरायचा.

पुढचं शिक्षण आबांकडं आलं. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी तीस वर्षं साखर कारखान्याला ऊस ओढला, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून. मग डावा गुडघा गेला. क्लच दाबताना गुडघा कडकड वाजायला लागला, तेव्हा त्यांनी स्टेअरिंग सोडलं. सोडलं म्हणजे हातांनी सोडलं. शेजारच्या सीटवर बसले की मी गिअर बदलायच्या आत त्यांचा डावा पाय मोकळी जमीन दाबायचा.

नवऱ्यानं घरात जाहीर केलं, "आबा बरं म्हणतील त्या दिवशी तू एकटी गाडी न्यायची." निर्णय आपल्या अंगावर आला नाही याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता.

आम्ही सकाळी सहाला मंगळवार पेठेतून निघायचो. कोपऱ्यावर तालीम आहे आणि नेमका तिथंच थोडा चढ आहे. कट्ट्यावर चारपाच माणसं बसलेली असतातच. पहिल्या दिवशी चढावर गाडी चार वेळा बंद पडली. चौघंही उठले आणि चौघांनी चार बाजूंनी शिकवायला सुरुवात केली. "वैनी, क्लच सोडा की हळू!" "अवो, रेस द्या आधी!" "हँडब्रेक, हँडब्रेक!" चौथा नुसता "येऊ दे, येऊ दे" म्हणत हात हलवत होता, मी पुढं जायचा प्रयत्न करतेय हे त्याच्या गावीही नव्हतं. आठवड्याभरात त्यांना माझ्या गिअरचा आवाज पाठ झाला. दळण घेऊन पायी चालले असले तरी कट्ट्यावरून विचारणा व्हायची, "आज दुसरा बरा पडला न्हवं?"

आबा शिकवायला चांगले होते, हे मला मान्य करायलाच हवं. गाडी चालू असताना मी क्लचवर पाय टेकवून ठेवायचे. ते म्हणाले, "क्लच म्हंजे पायपुसणं न्हवं. दाबायचा तर झटक्यात दाबायचा, सोडायचा तर लेकराच्या हातातनं हात सोडवतो तसा सोडायचा. मधल्या येळंला त्याच्याकडं बघायचं बी न्हाय." हे ऐकल्यावर दोन दिवसांत माझी गाडी बंद पडायची थांबली. गिअर न बघता टाकायला, आरसे बघायला, पुढच्या गाडीत आणि आपल्यात म्हैस आडवी मावेल एवढी जागा ठेवायला त्यांनीच शिकवलं.

त्यांचं एकच होतं. उतार आला की ते म्हणायचे, "सोड."

सोड म्हणजे गिअर काढ, न्यूट्रल कर, गाडीला तिच्या वजनानं उतरू दे. "उतार देवानं दिलाय," ते म्हणायचे. "त्याला तेल कशाला जाळायचं?" ऊसवाल्यांत ही रीत होती. चढाला जेवढं डिझेल जाईल तेवढं उताराला वसूल करायचं. ज्याला जास्त लांब गाडी सोडता येते तो मोठा ड्रायव्हर. आबा कुठल्या उतारावरून सोडलेली गाडी कुठल्या गावच्या शिवारात थांबायची, ते अजून सांगायचे.

पन्हाळ्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा त्यांनी "सोड" म्हटलं, तेव्हा मी सांगून पाहिलं, "आबा, ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणतेत उताराला गिअरमधीच ठेवायची."

"किती ऊस वढलाय त्येनं?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी आबांना एकदाच नाही म्हटलं होतं, तेही ते पंगतीत जिलबी वाढत होते तेव्हा. शिवाय त्यांनी बरं म्हटल्याशिवाय मला चंदगडला जाता येणार नव्हतं. मी गिअर काढला. गाडी भरभर उतरली, मी ब्रेकवर ब्रेक मारत राहिले आणि पायथ्याला चाकांतून कसलासा वास आला. आबा म्हणाले, "नवी हाईस. सवय हुईल."

पुढची तारीख आली, तेव्हा आबांनी निकाल सांगितला. या वेळेला ते सोबत येणार. नीट झालं तर पुढच्या महिन्यापासून मी एकटी.

पहाटे पाचला निघालो. कागल, निपाणी. निपाणीच्या पुढं तवंदी घाट लागतो. जाताना चढ. एका मालट्रकच्या मागं मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले, एकदाही गचका न देता. आबांनी खिडकीबाहेर बघत "हं" केलं. चोवीस वर्षांत माझ्या कुठल्या भाजीलाही हे मिळालं नव्हतं.

आई पिशवी घेऊन तयारच होती. लेक स्वतः गाडी चालवत दारात आली, हे तिनं चाकं, दरवाजे, आरसा असं हातानं चाचपून बघितलं. आणि म्हणाली, "पावणं, तुमी शिकवलासा व्हय हिला?" आबा म्हणाले, "शिकली ती. मी नुसता शेजारी बसतो." त्या दिवशी मी त्यांच्यावर खूश होते, हे मला आवर्जून सांगायचंय.

परतताना आई मागं बसली. संकेश्वर गेलं, घाटमाथा आला. आबा म्हणाले, "सोड."

मी गिअर काढला. गाडीनं वेग घ्यायला सुरुवात केली. थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "आता चावी एक घर मागं घे. काढू न्हको, स्टेअरिंग लॉक हुतंय. निस्ती मागं घे."

हे नवीन होतं. "म्हणजे इंजिन बंद?"

"ट्रॅक्टरला आमी असंच करायचो. इंजिनाला बी इसावा."

मी चावी मागं घेतली. का घेतली, याचं आजही माझ्याकडं बरं उत्तर नाही. ऐकायची सवय हातात असते, डोक्यापर्यंत ती जातच नाही. इंजिनाचा आवाज गेला आणि नुसता वारा ऐकू यायला लागला. मागून आई म्हणाली, "किती शांत चाललीया गं गाडी."

वळणाआधी ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, जरासा लागला. तिसऱ्यांदा दाबला तर पाय भिंतीवर ठेवल्यासारखा झाला. पॅडल खाली जाईना. स्टेअरिंग दगडी जात्यासारखं जड झालं. आमच्या गाडीचे ब्रेक इंजिनाच्या जोरावर हलके होतात आणि इंजिन बंद केलं की दोनतीन दाबांत तो जोर संपतो, हे मी नंतर गॅरेजवाल्याकडून समजून घेतलं. त्या वेळी एवढंच कळलं की गाडी सत्तरच्या वर गेलीय आणि पुढं एक लोड ट्रक दोन्ही इंडिकेटर लावून मुंगीच्या पावलानं उतरतोय.

"ब्रेक दाब की!"

"दाबलाय!"

"हँडब्रेक वढ! न्हाय, न्हाय, वढू न्हको! हॉर्न! हॉर्न मार!"

हॉर्न वाजत होता. ट्रकवाल्यानं तो ऐकून करायचं तरी काय होतं? शेजारच्या लेनमधून बस चालली होती, तिकडं वळता येत नव्हतं. ट्रकच्या मागं नजर लागू नये म्हणून टांगलेली चप्पल मला दिसली. तिचा अंगठा तुटलेला होता, तेही दिसलं. आबा अजून ओरडत होते. त्यांचे दोन्ही पाय आता जमीन दाबत होते.

मी म्हणाले, "गप्प बसा!"

आबा गप्प बसले. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पॅडल पायाखाली एकदम मऊ पडलं. ब्रेक दाबला, क्लच दाबला, तिसरा टाकला, क्लच सोडला. इंजिन किंचाळलं, आम्ही तिघंही पुढं झुकलो, गाडी आवरली. मग दुसरा. ट्रकच्या मागं म्हैस काय, शेळीसुद्धा आडवी मावली नसती एवढ्या जागेत आम्ही त्याच्या चालीनं उतरायला लागलो. उरलेला सगळा घाट मी दुसऱ्यातच उतरले. ब्रेकला पाय क्वचितच लावावा लागला.

पायथ्याला गाडी कडेला घेतली. माझा डावा पाय क्लचवरून काढल्यावरही थरथरत होता. आबा दार उघडून उतरले, गुडघा धरत पुढच्या चाकापाशी गेले, हात जवळ नेला आणि चटकन मागं घेतला. मग तसेच उभे राहिले. आम्ही मरता मरता वाचलो होतो आणि मी सासऱ्यांना गप्प बसा म्हणाले होते. या दोन्हींतल्या कशानं माझा पाय थरथरत होता, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. गाडी तापली."

कोल्हापूर गाठलं. इंजेक्शन वेळेवर झालं.

संध्याकाळी सातला नवरा कामावरून आला. आई डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीला टेकून बसली होती. मी चहा आणला. आबांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. नवरा हसत म्हणाला, "मग? झाली का परीक्षा पास?"

आई म्हणाली, "जावईबापू, पुढच्या महिन्यापासनं मी न्हाय येत."

"का? काय झालं?"

"माझ्या एका डोळ्यापायी माझ्या पोरीचा जीव जायचा. न्हाय लागत मला डोळा."

तिनं घाटात सगळं ऐकलं होतं. "सोड" ऐकलं होतं, चावीचं ऐकलं होतं, माझं "गप्प बसा" तर निपाणीपर्यंत ऐकू गेलं असेल. पण लेकीच्या सासऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. आमच्याकडं मुलीची आई व्याह्याला दोष देत नाही. दुसरं काही सापडलं नाही तर ती आपल्या डोळ्याला दोष देते.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "चुकलीस का कुठं?"

तोंडाशी आलेलं मी गिळलं. आबांनी सांगितलं म्हणून मी केलं, एवढं एक वाक्य होतं. ते आबांच्या समोर, माझ्या आईच्या समोर, त्यांच्या मुलाला सांगायचं म्हणजे तीस वर्षांचा ड्रायव्हर भर घरात उतरवायचा. आणि नाही सांगायचं म्हणजे आईचा डोळा. मी म्हणाले, "घाटात जरा... ब्रेक लागला नाही."

"मग राहू दे एवढ्यात," नवरा म्हणाला. तो चिडून बोलत नव्हता, काळजीनंच बोलत होता. "अजून सहा महिने सराव कर. गडबड नको."

सहा महिने म्हणजे सहा इंजेक्शनं. मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली, झालं तर मग, अशा अर्थाची. तिला सुटल्यासारखं वाटत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

आबांनी बशी खाली ठेवली.

"तिची चूक न्हवती," ते म्हणाले.

बशी त्यांनी बोटानं थोडी पुढं सरकवली.

"मी बंद कराय लावली गाडी. ऐन घाटात."

"बंद?" नवरा म्हणाला. "इंजिन? आबा, अहो, ह्या गाडीला—"

"आता कळलं मला." आबा जमिनीकडं बघून बोलत होते. "तीस वर्सं मी अशीच गाडी सोडत आलो. मागं दोन-दोन ट्रॉल्या, फुडं रस्त्यावर माणसं, पोरंबाळं. काय झालं न्हाय, म्हणून मला वाटलं मला गाडी येती. निस्तं नशीब हुतं ते." त्यांनी मान वर केली आणि मुलाकडं न बघता माझ्या आईकडं बघितलं. "इहीणबाई, गाडी हिला येती. मी गप्प बसल्यावर हिनं तुमाला आन् मला वाचवलं. तुमी खाडा करू नगासा."

आबांना असं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानंही नसावं, कारण तो चहाचा कप हातात धरून तसाच उभा होता. मला रडू आलं. या वेळी मी स्वयंपाकघरात गेले नाही.

आईच्या पट्टीखालून पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हटलं होतं, पण मी तिला टिपू दिलं.

"पुढची तारीख कवा हाय गं?" तिनं विचारलं.

मी तारीख सांगितली.

"लौकर ये मग. उन्हाच्या आत पोचू." मग आबांचा आवाज आला होता त्या बाजूला तोंड करून ती म्हणाली, "पावणं, तुमी बी या."

"माझं काय काम आता?"

"बोलाय कुणीतरी पायजे. ही गाडी चालवताना तोंड उघडत न्हाय."

आबांनी थंड झालेली बशी उचलली, एका घोटात संपवली आणि उपडी ठेवली.

"येतो," ते म्हणाले. "पण मागं बसतो मी. तुमी फुडं बसा."